मुका मार

आमच्या दादाला विव्हळणारा माणूस खपत नाही. तो गोविंदा पथक चालवतो. भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागे जे मैदान उरलंय, तिथे गुरुपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत रोज संध्याकाळी त्याची पोरं सरावाला उभी राहतात. कोणी थरातून घसरलं, कोणाचं कोपर कोणाच्या नाकावर बसलं, ओठ फुटून रक्त आलं, की दादा आधी जाऊन त्याच्या कानाखाली एक ठेवून देतो आणि मग विचारतो, "लागलं?" त्यावर "नाही" एवढंच उत्तर चालतं. लहानपणी मलाही तो असंच विचारायचा. मी "हो, लागलं" म्हणायचे आणि त्याला परत एक लगावायचे. आमचं भावा-बहिणीचं नातं तेव्हापासून आजतागायत तसंच आहे.

मैदानापासून थोडी दुकानं सोडून माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सराव संपला की ही सगळी टोळधाड माझ्याकडे जेवायला येते. दादाचा एक नियम आहे. ज्या थरात जी पोरं उभी राहतात, त्यांनी एका ताटात जेवायचं आणि सगळ्या पथकाने एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायचं. त्याचं म्हणणं असं की, ज्याचं उष्टं खाल्लंय त्याला माणूस खाली पडू देत नाही. एखादा नवखा बाटली वर धरून घशात पाणी ओतायला लागला की बाकीचे ओरडायचे, "काय रे, सोवळ्यात आहेस काय?" दुसऱ्या दिवसापासून तोही तोंड लावायचा. मला हा प्रकार आवडायचा, खोटं कशाला बोलू? एका ताटावर वाकलेली चार-पाच डोकी बघून माझं पोट भरायचं.

त्या पोरांच्या अंगावर निळेकाळे डाग नसतील असा एक दिवस जायचा नाही. खांद्यावर दुसऱ्याच्या टाचा रुतलेल्या, मांड्या सोललेल्या, पोटऱ्यांवर वळ. त्याला ती मुका मार म्हणायची आणि एकमेकांना कौतुकाने दाखवायची.

दादाचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, चौथ्या थरावर असायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. दादा राहतो मीरा रोडला, पूनम सागरमध्ये. वहिनी अंधेरीला नोकरी करते, सकाळी निघते ती दिवेलागणीला परत येते. त्यामुळे पोरगा लहानपणापासून माझ्याच हातचं खात वाढला. अंगाने काटकुळा, बोलायला तिखट. मला म्हणायचा, "आत्या, तुझ्या भाजीत मीठ कमी आणि शिव्या जास्त असतात." मी त्याला लाटणं दाखवायचे, तो ते माझ्या हातातून काढून घेऊन स्वतःच पोळ्या लाटायला बसायचा.

हंडी दोन आठवड्यांवर आली होती. त्या संध्याकाळी शेजारच्या पथकाची काही पोरं आमचा सराव बघायला मैदानात आली. बघायला म्हणजे खोड्या काढायला. शेरेबाजी झाली, आमच्या खालच्या थरातल्या एकाने आईवरून शिवी दिली, धक्काबुक्की झाली आणि सगळा मनोरा भुसकन खाली बसला. भाचा वरून आला तो पाच-सहा जणांच्या हातांवर. उठला, कपडे झटकले, हसलासुद्धा. मी स्वतः पाहिलंय. रात्री माझ्याकडे दोन पोळ्याच खाल्ल्या, म्हणाला भूक नाही, घसा दुखतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला तेव्हा मी कणीक मळत होते. आल्या आल्या म्हणाला, "आत्या, लाईट बंद कर ना." मी म्हटलं, अंधारात काय पोळ्या तुझ्या डोक्यावर भाजू? तो पिठाच्या डब्यावर डोकं टेकायला गेला तर मान वाकेना. सगळं अंगच पुढे घेऊन तो डब्यावर कलंडला. मी कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं.

मी दादाला फोन लावला. म्हटलं, "याला ताप आहे, मान धरलीय, डॉक्टरकडे ने." दादा आला तो पथकातल्या दोन पोरांना घेऊनच. त्याने मुलाकडे बघितलं आणि निदान करून मोकळा झाला. "काल पडला तेव्हा मान लचकलीय. ताप अंगदुखीचा. बस इकडे."

पथकातल्या पोरांच्या मानेचे, खांद्यांचे, मनगटांचे सगळे इलाज दादाच करतो. आमच्या वडिलांकडून शिकला. त्याने मुलाला स्टुलावर बसवलं, माझ्याच तेलाच्या बरणीतलं तेल हातावर घेतलं, मान चोळली. पोरगा दात आवळून बसला होता. मग दादाने एका हाताने त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने डोक्याची मागची बाजू धरली, आणि मी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत झटका दिला.

ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. समोरचा गुजराती दुकानदार गल्ल्यावरून उठून धावत आला, "क्या हुआ, क्या हुआ" करत. भाचा स्टुलावरून खाली गेला आणि मळलेल्या कणकेच्या परातीत ओकला. दादाने त्याला बखोटीला धरून उभा केला. "लागलं?" पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो "नाही" म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी परात उचलून दादाच्या अंगावर फेकली. ओरडून सांगितलं, याला ताप आहे, काल रात्रीच घसा दुखत होता, हे मानेचं दुखणं नाही. दादाने मला ढकलून बाजूला केलं. तेवढ्यात एका पोराने भाच्याची पँट घोट्यापाशी वर केली. पोटरीवर जांभळे ठिपके उमटले होते, काही टाचणीच्या टोकाएवढे, काही चण्याएवढे. "बघ, दादा, केवढा मुका मार लागलाय," तो म्हणाला. दादाने माझ्याकडे असं बघितलं, की आता बोल.

इथेच सगळा घात झाला. दुसऱ्या कोणत्याही घरात मान धरलेली, उलटी झालेली आणि अंगावर जांभळे डाग आलेले बघून माणसं घाबरली असती. आमच्याकडे या तिन्ही गोष्टींना एकच उत्तर तयार होतं. पडला.

रिक्षात घालून आम्ही त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. दारातच दादाने सांगितलं, "चौथ्या थरावरून पडला. दुसऱ्या पथकाच्या पोरांनी पाडला." पथकाचे टी-शर्ट घातलेली दहा-बारा पोरं मागे उभी, सगळ्यांच्या माना हललेल्या. ज्याच्या अंगावर पथकाचा टी-शर्ट आहे आणि ज्याला दहा माणसं पडला म्हणतायत, त्याला डॉक्टर पडलेलाच समजणार. मानेला पट्टा बांधला, डोक्याचा फोटो काढायला नेलं. मी दोनदा सांगितलं की याला ताप पडण्याच्या आधीपासून असणार, घसा आदल्या दिवशीच दुखत होता. दादा म्हणाला, "हिचं ऐकू नका, ही पोळ्या लाटते."

फोटोत काही मोडलेलं निघालं नाही. फोटो काढून बाहेर आणतानाच त्याला झटका आला. पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, टाचा स्ट्रेचरवर धाडधाड आपटायला लागल्या, तोंडातून फेस आणि रक्त, कारण जीभ दाताखाली गेली होती. चौघांनी दाबून धरला तरी आवरेना. मी त्याचे पाय धरले होते. सकाळी पोटरीपुरते असलेले ते डाग आता मांड्यांपर्यंत चढले होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांत मिसळत होते.

तेव्हा एक तरुण डॉक्टरीण आली. तिने कोणालाही काही न विचारता टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला आणि एका डागावर दाबून धरला. काचेखाली डाग तसाच्या तसा दिसत होता, जरासुद्धा फिका झाला नाही. तिने मागे वळून विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"पडला तो," दादा म्हणाला.

"मी ताप विचारतेय."

मी सांगितलं. घसा, भूक, उजेड, मान, सगळं. ती ऐकता ऐकताच नर्सला इंजेक्शन भरायला सांगत होती. दादा मध्येच बोलला, "मॅडम, तुम्ही थर बघितलेत का कधी जवळून?" तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि पोराच्या दंडात सुई खुपसली.

मेंदूच्या आवरणाला सूज. मेनिंजायटिस. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. डॉक्टरणीने मला आणि तोवर अंधेरीहून धावत आलेल्या वहिनीला बाजूला बसवून समजावलं. हा जंतू बऱ्याच जणांच्या घशात नुसता राहत असतो, त्यांना काहीही होत नाही. एखाद्याच्या मात्र तो रक्तात उतरतो, मेंदूपर्यंत जातो, कातडीखाली रक्त सांडून तसले डाग उठतात, आणि मग तासातासाला माणूस हातातून सुटत जातो. पसरतो तो थुंकीतून, खोकल्यातून, अगदी जवळ राहणाऱ्यांत. एका खोलीत दाटीने झोपणारे, एकमेकांचं उष्टं खाणारे, तोंडाशी तोंड आणून ओरडणारे. रस्त्याने जाणाऱ्याला किंवा एका लिफ्टमधून गेलेल्याला सहसा होत नाही. लस असते, पण ती आपल्याकडे सरसकट सगळ्यांना देत नाहीत. मात्र रोग्याच्या अगदी जवळच्यांना लगेच गोळ्या दिल्या तर घशातला जंतू तिथेच मरतो. "कोण कोण होतं त्याच्या इतकं जवळ?" तिने विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर ते ताट आलं, आणि ती बाटली.

आम्ही आत हे ऐकत होतो तेव्हा बाहेर दादा पोरांना सांगत होता, "ज्यांनी पाडलंय, त्यांना सोडू नका."

पोरांनी सोडलं नाही. शेजारच्या पथकातला एक मुलगा त्यांना भाजी बाजारात सापडला. बिचारा आईसाठी कोथिंबीर घेत होता म्हणे. त्याला गाळ्यांमधून फरफटत बाहेर काढला, लाथा घातल्या, तराजूच्या वजनाने तोंडावर मारलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात रस्त्यावर पडले. जेमतेम माझ्या भाच्याच्या वयाचा. धक्काबुक्की झाली तेव्हा तो मैदानात होता की नाही, हेसुद्धा कोणाला नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा पोरगा गेला. शेवटी त्याचे हात-पाय बोटांपासून काळे पडले होते आणि चेहरा इतका सुजला होता की वहिनीने त्याला कानावरच्या तिळावरून ओळखला. वहिनी रडली नाही. तिने दादाचा शर्ट दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "ताप होता का रे त्याला? मला खरं सांग. मी काल सकाळी त्याला झोपलेला टाकून गेले. तेव्हाच ताप होता का?"

"पडला तो," दादा म्हणाला. "त्यांनी पाडला."

वहिनीने ते धरून ठेवलं. त्या क्षणापासून ती त्या जबडा मोडलेल्या पोराच्या आईला शिव्याशाप देत बसली.

महापालिकेची आरोग्याची माणसं आली आणि गोळ्या देऊन गेली. घरात आम्हाला दिल्या, पथकातल्या पोरांना मैदानात जाऊन दिल्या. सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत. इकडे पूनम सागरमध्ये दादाच्या बिल्डिंगवाल्यांनी घाबरून त्याच्या मजल्यावर लिफ्ट थांबवणं बंद केलं, कामवाल्या बाईला येऊ देईनात, कोणी जिन्यात फिनेल ओततंय, कोणी धूप जाळतंय. ज्यांना काही होणार नव्हतं ते असे थरथरत होते. आणि ज्यांनी भाच्याच्या ताटात हात घातला होता, ती पोरं छाती काढून फिरत होती. "दादा बोलला ना पडला म्हणून? मग गोळ्या कशाला?"

थोड्यांनी घेतल्या. त्या गोळ्यांनी लघवी लालसर होते. मला नर्सने आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. मैदानातही सांगितलं असणार, पण तिथे ऐकत कोण होतं? पहिल्या गोळीनंतर दोघा-तिघांना लाल लघवी दिसली आणि मैदानात बोंब झाली की गोळ्यांनी रक्त जातंय. दादाने ऐकलं आणि म्हणाला, "फेकून द्या." मी दारोदार फिरले. एकेकाच्या आईला सांगितलं की हा रंग गोळीचा आहे, रक्त नाही, माझीही तशीच होतेय. त्या माझ्यासमोर हो हो म्हणायच्या. पण पथकाच्या पोरांच्या घरात दादाचा शब्द चालतो, माझ्याकडून फक्त डबे जातात.

दादा असं का करत होता ते मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पोरगा पडून गेला असेल, तर कोणीतरी पाडणारा होता, त्याचा जबडा फोडता येत होता. रोगाची कॉलर धरता येत नाही. आणि रोग असेल, तर स्टुलावर बसवून मान पिळली ती कशासाठी? हा प्रश्न दादा स्वतःला विचारू देत नव्हता. मला त्याची दया येत होती आणि त्याचा गळा दाबावासा वाटत होता. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मैदानाच्या तोंडावर फ्लेक्स लागला. भाच्याचा हसरा फोटो, मागे मनोरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, थरावर लढताना वीरमरण. संध्याकाळी तिथेच श्रद्धांजलीची सभा होती. पथकाची पोरं, त्यांच्या आया, बाजारातले दुकानदार, सगळे जमले. माईकवर कोणीतरी बोलत होतं की त्याचं बलिदान वाया जाणार नाही, यंदा एक थर जास्त लावायचा. टाळ्या पडल्या.

मी दुकानातली भाजी चिरायची सुरी घेतली, प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं आणि गर्दीतून थेट फ्लेक्सपाशी गेले. त्याच्या चेहऱ्याला सुरी लागू नये म्हणून आधी खालची अक्षरं आडवी फाडली. मग वर फोटोच्या दोन्ही बाजूंनी कापत गेले. कोणीतरी ओरडलं. दादाने मागून येऊन माझी वेणी धरली आणि मला स्टुलावरून खाली खेचली. पाठ रस्त्यावर आपटली, श्वासच गेला क्षणभर. सुरी हातातून सुटली हे बरंच झालं. तो वाकून माझ्या तोंडात मारणार तेवढ्यात मी स्टूल उचलून त्याच्या तोंडावर घातलं. नाकातून भळाभळा रक्त आलं. चाळिशी उलटलेली दोन भावंडं भर बाजारात, पोराच्या फोटोखाली, एकमेकांना गुरासारखी बडवत होती. सोडवायला कोणी पुढे आलं नाही.

मी उठले आणि माईकशिवायच ओरडले. "तो पडून नाही मेला! त्याला मेनिंजायटिस झाला होता! ताप आला होता, मान वाकत नव्हती, उजेड सहन होत नव्हता, आणि हे डाग माराचे नव्हते, रक्त सांडलं होतं आत! तुम्ही सगळे त्याचं उष्टं प्यायलायत. ज्याला ताप आलाय, ज्याचं डोकं ठणकतंय, त्याची मान चोळत बसू नका. दवाखान्यात न्या. आणि ज्यांनी गोळ्या टाकल्या त्यांनी आज परत घ्या. लघवी लाल झाली तर होऊ दे!"

"वेड लागलंय हिला," दादा नाक दाबून म्हणाला.

गर्दीत चुळबुळ झाली. मला वाटलं, झालं, हे सगळे आता मला हाकलून देणार. तेव्हा मागून बाजारातल्या एका मासळीवालीने हाक मारली. ती इथल्याच, समुद्राकडच्या डोंगरी गावची. तिचा मुलगा पथकात खालच्या थराला उभा राहायचा, माझ्या भाच्याच्या ताटात नसला तरी त्याच्याच बाटलीतून पाणी प्यायचा. डोक्यावरची रिकामी टोपली तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"बाय," ती मला म्हणाली, "माजा पोर कालपासून मान धरून निजलाय. ताप हाय. दारात ऊन आला तरी डोले झाकतंय. पन तो पडला न्हाय. कुटंच पडला न्हाय. गोली एकच घेतली, मंग लघवी लाल झाली म्हनून मीच फेकून दिल्या. त्याचा काका चोलतोय त्याची मान."

मी दादाकडे बघितलं. त्याचा रक्ताने भरलेला हात नाकावरून खाली आला होता. त्या बाईने केलेलं वर्णन त्याने चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हातांनी चाचपून पाहिलं होतं, आणि ते त्याला कळलं होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

पथकाचा टेम्पो मैदानातच उभा होता. दादा जाऊन स्टिअरिंगवर बसला. मी आणि ती बाई मागे चढलो. डोंगरीचा रस्ता वळणावळणाचा, खड्ड्यांचा. दादा असा चालवत होता की मासळीवालीची टोपली उडून कुठे गेली ते आम्ही बघितलंही नाही. ती सारखी "पडला न्हाय, पडला न्हाय" म्हणत होती, जसं काही आता आम्हीच तिच्या पोराला पाडणार होतो.

घरात पोरगा जमिनीवर चटईवर बसवलेला होता. मागे त्याचा काका गुडघे टेकून बसला होता, दोन्ही हात तेलाने माखलेले. एक हात पोराच्या हनुवटीखाली, एक डोक्यामागे. मी दारात होते.

दादाने मला धक्का मारून आत झेप घेतली. काकाच्या छातीवर अशी लाथ घातली की तो मागच्या मांडणीवर जाऊन आदळला, भांडी कोसळली. "हात लावायचा नाही मानेला!" दादा किंचाळला. तो आवाज माझ्या भावाचा वाटत नव्हता. काका कोयता घ्यायला उठला. मासळीवालीने स्वतःच्या दिराच्या मुस्कटात दिली आणि त्याच्या हातातून कोयता ओढून घेतला. दादाने पोराला उचललं, मानेला धक्का लागू नये म्हणून डोकं आपल्या दंडावर घेतलं, आणि टेम्पोत मागे त्याला मांडीवर घेऊन बसला. स्टिअरिंगवर शेवटी तो काकाच बसला, छाती धरून, मला शिव्या देत.

हॉस्पिटल तेच. दाराशी जो माणूस होता त्याने पोराच्या अंगावरचा पथकाचा टी-शर्ट बघितला, खांद्यावरचे वळ बघितले आणि लिहिता लिहिताच विचारलं, "थरावरून पडला?"

"पडलेला नाही," दादा म्हणाला. "ऐका नीट. पडलेला नाही हा. ताप आहे, मान वाकत नाही, उजेड सोसत नाही. माझा मुलगा याच आजाराने गेला, इथेच. त्या मॅडमना बोलवा."

त्या मॅडम आल्या. इंजेक्शन आधी दिलं. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं. पोरगा तापात बरळत होता, लाथा झाडत होता, दोन वॉर्डबॉयना ऐकत नव्हता. दादा पुढे झाला. त्याने पोराला कुशीवर वळवला, गुडघे पोटाशी घेतले आणि सगळं अंग आपल्या मिठीत आवळून धरलं. सुई आत जाताना पोराने त्याच्या दंडात दात रुतवले. दादाने हू की चू केलं नाही, आणि त्याला "लागलं?" असंही विचारलं नाही. मी बाहेर आले आणि पथकातल्या एकेका पोराच्या घरी फोन लावत सुटले. दादाचं नाव सांगून बोलावलं, तेव्हा सगळे आले. त्या दिवशी कोणी गोळी टाकली नाही.

डोंगरीचा पोरगा वाचला. एका कानाने ऐकू येत नाही त्याला, पण आईबरोबर बाजारात बसतो, गिऱ्हाइकांशी भांडतो. बाजारात जबडा मोडलेल्या मुलाचा खटला चालू आहे. त्यात आमची चार पोरं आहेत, आणि दादाही आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, व्हायला हवं तेच होतंय.

पण हे सगळं नंतरचं. डोंगरीचा पोरगा धोक्याबाहेर आहे असं सांगायला डॉक्टरीण बाहेर आली, तेव्हा मासळीवाली तिच्या पायांवर कोसळली. दादा भिंतीला टेकून उभा होता. दंडावरच्या दातांच्या खुणा सुजल्या होत्या. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी पडला म्हणालो नसतो तर? ताप आहे म्हणून सरळ आणला असता तर?"

मी मनात म्हटलं, बाई, खोटं बोल. काय जातंय तुझं?

"खात्रीने नाही सांगू शकत," ती म्हणाली. "पण कदाचित वाचला असता."

मला वाटलं, हा आता तिच्यावर हात उचलणार. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं, हळूच. आयुष्यात पहिल्यांदा हळूच.

"ती घरी त्या जबडा मोडलेल्या पोराच्या आईला शाप देत बसलीय," तो वहिनीबद्दल म्हणाला. "तिला मी सांगतो. तू सांगू नकोस."

आणि तो पूनम सागरला जायला निघाला.